तळ्यावर राहिलेली हाक

कोणाला खरं वाटो, न वाटो. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. जे पाहिलं, ऐकलं, तेवढंच सांगते.

डिसेंबर २००३. रविवार होता. सकाळची वेळ, लख्ख ऊन.

मी रुचिका. आमचं घर भिवंडीजवळ शेलारला. तेव्हा मी नुकतीच एका शाळेत शिकवायला लागले होते. जानेवारीत शिक्षकांची सहल काढायची होती. जंगलातून चालत एखाद्या तळ्यापर्यंत. फार अवघड नको, अगदी बागेत फिरल्यासारखंही नको. ठरवायचं काम माझ्याकडे आलं. दिघाशीच्या पुढे रानात एक तळं आहे, असं कळलं. म्हणून आधी वाट बघून यायला मी आणि माझा धाकटा भाऊ कुणाल निघालो.

कुणाल एकोणीस वर्षांचा. भारी बडबड्या. गल्लीच्या तोंडापासूनच "ताई" म्हणून ओरडत घरी यायचा.

रानाच्या अलीकडच्या पाड्यावर चंद्रा नावाच्या बाईने आम्हाला पाणी दिलं. तिचा नवरा नवशा वाट दाखवायला आला. चालता चालता मी वहीत लिहीत होते. ओढा, वीस मिनिटं. चढ, पस्तीस मिनिटं. सगळ्यांना जमेल.

तळं दिसायच्या आधीच्या वळणावर नवशा थांबला.

"तुमी बघून या. मी हितंच हाय."

"का हो दादा?"

"आमी न्हाय जात तिकडं. आन् हाक मारू नका कोनाला."

कुणाल हसला. आम्ही खाडीकाठची माणसं. पाण्याला काय घाबरायचं?

तळं छान होतं. हिरवट पाणी, पलीकडे काळा कातळ उभा. 'जेवायला सावली आहे,' मी लिहिलं.

मग लक्षात आलं...

पाखरांचा आवाज नव्हता. वाटेभर होता. इथे नव्हता.

कुणाल पाण्याच्या कडेला गेला. कातळाकडे तोंड करून त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ताईऽऽऽ!"

"अरे, नको सांगितलं ना त्यांनी!"

"तुलाच तर मारली. काय होतंय?"

आवाज परत आला नाही. समोर एवढा कातळ, पण प्रतिध्वनी नाही. तो पुन्हा ओरडला. कापसात ओरडल्यासारखं वाटलं.

मग तो येऊन माझ्याशेजारी बसला. डबा उघडला. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. आम्ही खायला लागलो.

पाचेक मिनिटं झाली असतील...

"ताई..."

मागच्या झाडांतून.

आवाज कुणालचा होता.

मी कुणालकडे पाहिलं. त्याच्या तोंडात घास होता.

"ताई, थांब ना..."

जत्रेत हरवलेलं पोर हाक मारतं ना, तसा आवाज.

"ऐकलंस?" मी विचारलं.

कुणालने घास गिळला. "काय?"

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भीती नाही, चेष्टा नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघावं, तसा तो माझ्याकडे बघत होता.

मी किंचाळायला हवं होतं. मी डब्याचं झाकण लावत बसले. झाकण बसेना, एवढंच आठवतं.

वळणावर नवशा उभा होता. त्यानेही ऐकलं होतं. तो कुणालकडे बघत राहिला.

"नाव काय तुजा?"

सकाळपासून तो त्याला नावानेच हाक मारत होता.

कुणाल जरा थांबला. मग म्हणाला, "कुणाल."

नवशा त्याच्याशी पुढे बोलला नाही. मला हळूच म्हणाला, "चल बाय. मागं बघू नको."

हाक आमच्या मागे मागे आली... ओढ्यापर्यंत. ओढा ओलांडून आली नाही. अलीकडे येऊन आम्ही चालू लागलो, तेव्हा पलीकडे कोणीतरी रडत होतं.

मी मागे पाहिलं नाही.

सहल रद्द केली. वाट अवघड आहे, असं शाळेत सांगितलं.

कुणालला काही झालं नाही. जेवतो, झोपतो, कशेळीच्या एका गोदामात ड्युटीला जातो. चिडत नाही. हसत नाही. मला रुचिका म्हणतो. वडील म्हणतात, पोरगा शहाणा झाला.

आई एकदाच बोलली. भाकरी थापत होती.

"रुचे, याला माशाचा काटा काढून द्यावा लागायचा. आता काट्यासकट चावून खातो. तुला काय ठाव हाय का गं?"

"न्हाय," मी म्हटलं.

२००८ साली भिवंडीच्या बाजारात चंद्रा भेटली. रानभाजी घेऊन बसली होती. नवशा दोन वर्षांपूर्वी गेला म्हणाली. जुड्या बांधता बांधता, वर न बघताच पुढचं बोलली.

"तुजा भाव अजून हाक मारतो गं बाय."

मी पिशवीचं तोंड उघडलं.

"पयल्यासारखा जोरात न्हाय. थकलाय आता."

मी भाजी घेतली. घरी आले. कुणालने दार उघडलं. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

घरापासून दीड तासाची वाट आहे. मी अजून गेलेले नाही. गेले, हाक मारली आणि त्याने ओ दिली...

तर त्याला घेऊन मी कोणत्या घरी येऊ?