विसरलेल्या दिग्दर्शिकेचा अभिप्राय

केतकी वडणगेकर कोल्हापूरच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत शिरली ती जवळजवळ धावतच. तिचा नवा लघुपट तयार होता: एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन बहिणी आणि दोघींचे एकच स्वयंपाकघर. चित्रण मोबाइलवर, प्रकाश परतवायला थर्माकोलची शीट, कलावंतांना मानधन म्हणून जेवण. महोत्सवाच्या प्रवेशिकांची मुदत आज संध्याकाळी संपणार होती, आणि लघुपट असाच पाठवावा की कापावा, हे खरेखुरे सांगणारा एकही माणूस तिला सापडला नव्हता.

याचे कारण शास्त्रशुद्ध होते. लघुपटाचा प्रेक्षक हा बहुधा दुसऱ्या लघुपटाचा दिग्दर्शक असतो. उद्या आपलाही दाखवायचा असल्यामुळे तो आज 'छान' म्हणतो. या परस्पर अभयदानाला आपल्याकडे चळवळ म्हणतात. केतकीने मागचा लघुपट अशाच अभिप्रायांच्या बळावर पाठवला होता. परीक्षक तो अर्ध्यावर सोडून चहाला गेले.

"आता तूच तार," ती इर्शाद मुल्लाला म्हणाली. कॉलेजातला हा मित्र आता इथे संशोधक होता. "काढ तुझं ते कृतिविस्मरण यंत्र!"

"आधी समजून घे. तू लघुपटाबद्दल बोलत राहायचं. त्या आठवणी ज्या पेशींत आहेत, त्या पडद्यावर उजळतील. नेमक्या तेवढ्याच पेशी मी श्राव्यातीत लहरींनी तासभर गप्प करीन. लघुपट तू केलास, हे तू विसरशील. बाकीची केतकी जशीच्या तशी."

"म्हणजे माझी पहिली प्रामाणिक प्रेक्षक मीच! लाव लवकर!"

श्रेयनामावली काढून टाकलेला लघुपट सुरू झाला. लघुपट आपण केल्याचे विसरलेली केतकी एकदम ओरडली, "अरे, हे तर माझ्या मावशीचं स्वयंपाकघर! तू तिथे शूटिंग केलंस आणि मला सांगितलंही नाहीस?"

प्रयोगाच्या नियमानुसार इर्शाद गप्प राहिला. त्या मौनातून लघुपट त्याचाच आहे, असा निष्कर्ष तिने साहजिकच काढला.

लघुपट संपला. "छान झालाय रे," ती त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाली. "सुरुवातीची प्रकाशयोजना तर अप्रतिम. आणि शेवटी ती धाकटी ताट पुढे सरकवते ना, तिथे... थांब, जरा पाणी दे."

तासाभराने स्मृती परतली. लघुपट बघतानाचे स्वतःचे, इर्शादने करून ठेवलेले ध्वनिचित्रमुद्रण पाहताना केतकी संतापली. "मीसुद्धा 'छान'च म्हणाले? तुला वाईट वाटू नये म्हणून?"

"आठवणी गप्प करता येतात," इर्शाद ओशाळून म्हणाला. "भीड कुठल्या पेशींत असते, ते विज्ञानाला अजून ठाऊक नाही."

"पण थांब!" तिचे डोळे लकाकले. "ही खोटारडी माझ्या चांगल्या ओळखीची आहे! प्रकाशयोजनेचं कौतुक मी कधी करते, माहितीये? कंटाळा आला की! आणि ते पाणी मागणं? गळा दाटल्याशिवाय मी बोलणं अर्धं सोडत नाही!"

तिने लॅपटॉप उघडला. खिडकीतल्या उन्हाची, वाफेची, भांड्यांची सगळी सुंदर सुरुवात उडाली; आता लघुपट थेट दोन बहिणींच्या पाठींवर उघडत होता.

"संध्याकाळ व्हायला वेळ आहे. पुन्हा विसरव मला! पण या खेपेला तू खोलीत बसायचं नाहीस. आणि जाण्याआधी मला बजाव, की लघुपटाच्या दिग्दर्शिकेला मी ओळखत नाही."

"बजावतो," यंत्र सुरू करत इर्शाद म्हणाला. "तेवढ्या तासापुरतं ते खोटंही नसेल."