कारण किरकोळ

"पुन्हा नकार? ताई, तुला काहीच कसं वाटत नाही गं!"

धाकट्या भावाने बढतीचा आदेश टेबलावर आपटला, तशी पलंगावरच्या बाबांची मान थरथरली... अर्धांगवायूने त्यांचं तोंड एका बाजूला वाकलेलं, घास अर्धा आत, अर्धा बाहेर. ताईने हातातला चमचा मात्र खाली ठेवला नाही.

"हळू बोल. घाबरतात ते."

"अठ्ठावीस वर्षं जिल्हा कार्यालयात तीच कारकुनी! तू शिकवलेली पोरं तुझे साहेब झाली. आणि मी तिथलाच आस्थापना अधिकारी... लोक विचारतात मला, तुमच्या ताईंच्या खुर्चीला डिंक लावलाय का म्हणून!"

"मला नाही रे झेपत साहेबगिरी," ताई हसली. हसण्याखेरीज दुसरं भांडण तिला येतच नव्हतं.

पण मन...! बढती म्हणजे दूरच्या तालुक्याला बदली. निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. ही संधी शेवटची. एकदा तरी कागदाच्या तळाशी आपली सही असावी, ही तहान का तिला नव्हती? पण या लुळ्या देहाला कुणाच्या भरवशावर टाकायचं? तिने नकारपत्र लिहिलं आणि कामावर जाता जाता कार्यालयाच्या आवक विभागात देऊन टाकलं.

मधल्या सुट्टीत ती नेहमीसारखी बाबांना भरवायला घरी आली, तर धाकटा दारात उभा! काखेत तिची जुनी फाईल, चेहरा पांढराफटक.

"अरे, बरं नाही का तुला?"

"असल्या पत्रांवर मी न वाचताच शेरा मारतो, ताई. 'कारण किरकोळ, नकार मंजूर.' आजही पेन टेकवलं होतं... सोबत तुझे जुने दोन नकार जोडलेले होते." त्याने फाईल उघडली. "पहिला, आई गेली त्या महिन्यातला. 'वडील नोकरीसाठी फिरतीवर असतात, भाऊ नववीत आहे, एकटा झोपायला भितो.' आणि दुसरा... 'भावाची अधिकारीपदाची परीक्षा आहे, त्याला वेळेवर जेवू घालणारं दुसरं कोणी नाही.' दोन्हींवर कुणीतरी तोच शेरा मारलाय. ताई, ते किरकोळ कारण मी होतो गं!"

"वेडा! तेव्हाचं ते..."

तो तिच्या पायांशी कोसळला. "मी आजच बाबांना माझ्या बंगल्यावर नेतो. मी भरवीन."

"तू? तुला साधा चहा उतू न घालता जमत नाही!"

"शिकव. सगळ्या कार्यालयाला शिकवलंस ना?"

पलंगावरून बाबांचा धड हात हलला. त्यांनी ताईकडे बोट केलं, मग दाराकडे... "जा," एवढा एकच शब्द, पण स्पष्ट! ताईला वाटलं, या एका शब्दासाठी आणखी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली असती तरी चाललं असतं. किती दिलं देवाने, किती...!

धाकट्याने तिचं नकारपत्र परत दिलं. तिने त्याच्या चार चिंध्या केल्या आणि तिथेच बसून होकार लिहिला.

पंधरा दिवसांनी तालुक्याच्या कार्यालयात ती पहिल्यांदा शिरली, तेव्हा सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली. ताई लगबगीने दारातून बाजूला झाली, आणि कोणते साहेब आले म्हणून मागे वळून बघत राहिली.