सप्तकातला एकटा ‘मी’

“त्याग, त्याग, त्याग! रोज ताटात तोच वाढलास, सिसी! मी कधी मागितला होता?”

ट्वायलाने पदवीदानाचा काळा झगा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर भिरकावला, आणि थोरल्या बहिणीच्या, तिच्या ‘सिसी’च्या म्हणजे अर्लीनाच्या, हातातलं तळलेल्या चिकनचं ताट तसंच अधांतरी राहिलं... समारंभात ट्वायलाने प्राध्यापकांचे आभार मानले होते, ‘यांनी मला शून्यापासून संगीत शिकवलं’ म्हणून. घरी येईपर्यंत अर्लीनाने कळ काढली आणि मग एवढंच विचारलं होतं, “ते शून्य म्हणजे मीच ना गं?”

आई गेली तेव्हा अर्लीनाला संगीताची शिष्यवृत्ती मिळाली होती. ती सोडून ती मोज्यांच्या गिरणीत उभी राहिली आणि धाकटीला वाढवलं. अलाबामाच्या त्या डोंगरपट्टीत चर्चमध्ये स्वरचिन्हांच्या आकारांवरून गातात: त्रिकोण म्हणजे फा, वर्तुळ सोल, चौकोन ला आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा ‘मी’. सप्तक फापासूनच सुरू होतं. फा, सोल, ला, पुन्हा फा, सोल, ला, आणि शेवटी ‘मी’. अर्लीना बिस्किटांचं पीठ याच आकारांत कापायची. जो स्वर नीट लागेल, तो खायला मिळायचा. ट्वायलाला हट्टाने ‘मी’ हवा असायचा, कारण बाकीचे सगळे जोडीने येतात आणि तो बिचारा एकटाच!

त्या संध्याकाळी ट्वायला निघून गेली. पुढे ती त्याच काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात संगीत शिकवायला परत आली, हे अर्लीनाला चर्चमधल्या बायकांकडून कळलं. फोन काही आला नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला अर्लीना एकटीसाठी टर्की भाजायची आणि पुढे आठवडाभर ती टर्की तिच्याकडे बघत राहायची.

मग गिरणी बंद पडली. बाकीच्या बायका शहाण्यासारख्या नर्सिंगला गेल्या. अर्लीनाने संगीताच्या पदवीला नाव घातलं. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नाही... हजेरी घेताना तरी ट्वायलाच्या तोंडून आपलं नाव निघेल!

“मॅम, नातवाला सोडायला आलात?” पहिल्याच दिवशी डाल्टन नावाच्या पोराने अदबीने विचारलं.

“नाही रे, स्वतःलाच सोडायला आलेय.”

ट्वायला आली. तिचं आडनाव आता नवऱ्याचं होतं; नवरा तेवढा राहिला नव्हता. तिने मान वर न करता हजेरी सुरू केली. “डाल्टन... केंड्रा...” अर्लीना सरसावून बसली. “मिस हॉचकिस.”

साऱ्या वर्गाला नाव होतं. तिला फक्त आडनाव!

स्वर वाचायची वेळ आली तेव्हा अर्लीनाने सवयीने सुरुवातीलाच ‘फा’ लावला.

“मॅम, गाडी एकदम चौथ्या गिअरमध्ये टाकता?” डाल्टन म्हणाला. वर्ग हसला.

“इथे पहिला स्वर डो असतो, मिस हॉचकिस,” ट्वायला पियानोकडे बघत म्हणाली.

त्यानंतर जुन्या पिकअपमध्ये काचा लावून अर्लीना येता-जाता डो-रे-मी घोकत राहिली. शेजारच्या सीटवर जेवणाचा डबा असायचा, तो ऐकून घ्यायचा.

सत्राच्या शेवटी परीक्षा झाली. एकेकाने वर्गासमोर उभं राहून, कधी न पाहिलेली ओळ पाहताक्षणी गायची होती. अर्लीना उभी राहिली. तिच्या ओळीत सप्तक पायरी-पायरीने चढत होतं. “डो, रे, मी, फा, सोल, ला...” सातव्या पायरीवर पाय ठेवला मात्र, आणि कॉलेजचा ‘टी’ विसरून काळजाच्या तळातून तिच्या तोंडी आला तो जुना, जोडीदार नसलेला...

“मी...!”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. वरचा एक स्वर घेतला की गाणं घरी पोचणार होतं, पण त्याचं इथलं नाव काही केल्या आठवेना. ती त्याच ‘मी’वर उभी राहिली... श्वास संपत आला, डोळ्यांपुढची ओळ पुसट झाली...

“फा.”

पियानोवर नव्हे, गळ्यातून! ट्वायलाची बोटं मांडीवर होती आणि गालांवरून आसवं ओघळत होती. मग तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली, त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, आणि अर्लीना तिच्यात मिसळली.

“हे कुठे शिकलात, मॅडम?” डाल्टनने हळूच विचारलं.

“घरी. हिच्या बिस्किटांवर.” ट्वायलाने नाक पुसलं. “शून्य नव्हतं रे ते... मीच खोटं बोलले होते. सिसी...”

“मी पण तो त्याग रोज वाढायला नको होता गं.”

“सिसी, तू नापास आहेस.”

“ते कळलं.”

“पुढच्या सत्रात परत बसावं लागेल. माझ्याच वर्गात.”

“बसेन की! पण हजेरीत नाव नीट घे.”

त्या संध्याकाळी अर्लीनाने ओट्यावर पीठ लाटलं. ट्वायला जुन्या खुर्चीवर बसून बघत होती. त्रिकोण कापून झाले, वर्तुळं, चौकोन झाले, आणि मग अर्लीनाने ‘मी’ कापले... दोन.

शास्त्राला धरून नव्हतं. पण नापास तर ती झालेलीच होती.