भिंतीपलीकडचं घमेलं

ही गोष्ट ऐकून आधी सगळे हसतात. तुम्हीही हसाल. हसा. मीसुद्धा हसलो होतो.

पण घडलंय ते खरं. आमच्याच अंगणात. आणि रात्री-बित्री नाही, चांगलं लख्ख ऊन असताना. दुपारच्या चहाच्या जरा आधी.

आमच्या अंगणात बदामाचं झाड होतं. भिंतीला अगदी चिकटून. खोड आमच्याकडे, अर्ध्या फांद्या शेजारी. शेजारी म्हणजे टेलरकाका. एकटेच राहायचे.

पानगळ सुरू झाली की तळहाताएवढी लालभडक पानं दोन्ही अंगणांत पडायची. आणि युद्ध सुरू व्हायचं.

टेलरकाका म्हणायचे, "झाड ज्याचं, पानं त्याची." ते झाडून, घमेलं भरून सगळी पानं भिंतीवरून आमच्याकडे ओतायचे. वर रिकामं घमेलं भिंतीवर आपटायचे. ठण ठण.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, पोस्टातून रिटायर झालेले. चुकीच्या पत्त्यावर आलेली वस्तू घरात ठेवणं त्यांच्या रक्तातच नाही. ते तीच पानं गोळा करून परत तिकडे ओतायचे आणि ओरडायचे, "घे, सांभाळ!"

वर्षानुवर्षं. तीच पानं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी त्यांचा चुरा व्हायचा, मग दोघं चुरा फेकायचे.

"दोन म्हातारे मिळून एक काडेपेटी घेतील तर भांडण मिटेल," माझी बायको म्हणायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी टेलरकाका वारले. त्यांच्या मुलाने घराला कुलूप घातलं, किल्ली आमच्याकडे दिली आणि तो निघून गेला.

त्याच सुमारास अप्पांना हार्टचा झटका आला. त्यातून वाचले, पण डॉक्टरांनी दम भरला. वाकायचं नाही, उचलायचं नाही. खराट्याला तर हातही लावायचा नाही.

आम्हाला वाटलं, सुटलो. आता युद्धच संपलं.

अप्पा मात्र ओट्यावर खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसायचे. जेवण कमी झालं. बोलणं त्याहून कमी.

मग पानगळ सुरू झाली.

एका दुपारी मी पेपर वाचत होतो. आणि भिंतीपलीकडून आवाज आला...

खर्र... खर्र... खर्र...

खराट्याचा.

मला वाटलं टेलरकाकांचा मुलगा आला असेल. तेवढ्यात भिंतीवरून ढीगभर पानं आमच्या अंगणात पडली.

आणि मग...

ठण ठण.

मी किल्ली घेऊन धावलो. फाटकाच्या कुलपावर कोळ्याचं जाळं होतं, अख्खं. ते मोडून आत गेलो.

आत कोणी नव्हतं. खराटा कोपऱ्यात उभा. शेजारी घमेलं पालथं. दोन-तीन महिने बंद असलेल्या घराचं अंगण...

एक पान नव्हतं. ताटासारखं स्वच्छ.

परत आलो तर अप्पा खुर्चीतून उठलेले. चेहरा खुललेला. हातात खराटा.

"बघ," म्हणाले, "कुठे जात नाही तो."

"अप्पा, ठेवा तो खराटा. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला काय कळतं? आता माझी पाळी आहे."

आम्ही खराटा माळ्यावर टाकला. त्यांनी मोरीतला खराटा काढला. तो मी लपवला, तर हाताने पानं वेचायला लागले. बायको रडली. मी ओरडलो. त्यांचं एकच, "मी थांबलो तर तो जिंकला."

डॉक्टरांना घरी बोलावलं. ते अंगणात उभे राहून अप्पांना झापत होते, तेव्हा भिंतीवरून त्यांच्या डोक्यावर घमेलंभर पानं पडली. ठण ठण.

डॉक्टरांनी कॉलर झटकली. माझ्याकडे बघितलं. आणि मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

मी झाड तोडून टाकलं. माणसं बोलावून, पार बुंध्यापासून. फांद्या, पानं, सगळं गाडीत भरून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी...

खर्र... खर्र...

आणि पानं पडली. बदामाची. ताजी, लाल.

अप्पा खोकला येईपर्यंत हसले. "पोराने झाड तोडलं रे!" ते भिंतीला सांगत होते.

मग मी शेवटचा उपाय केला. दुपारी स्वतःच टेलरकाकांच्या अंगणात जाऊन बसलो. पायरीवर. खराट्याकडे टक लावून. हललाच तर दिसेल.

खराटा हलला नाही.

पण आवाज आला. खर्र... माझ्या समोरून. खर्र... माझ्या बाजूने. मग माझ्या पायाशी. चपलांभोवतीची धूळ सरकत गेली, जसं कोणी सांगतंय, पाय वर घे, झाडायचंय.

आणि मी...

मी पाय वर घेतले.

कानाशी घमेलं वाजलं. ठण ठण. मी धूम ठोकली. एक चप्पल तिथेच राहिली.

घरी पोचलो तर अप्पा पानांच्या ढिगातून माझी चप्पल काढत होते. "तुझी आली बघ परत."

त्यानंतर मी माळ्यावरचा खराटा त्यांना काढून दिला, बाकी काहीच केलं नाही. करण्यासारखं राहिलंच काय होतं? रोज दुपारी ते झाडायचे, धापा टाकायचे, मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभा.

एका दुपारी भरलेलं घमेलं उचलताना ते खाली बसले. मी त्यांना मांडीवर घेतलं. बायको अँब्युलन्सला फोन करत होती. अप्पांनी घमेल्याकडे बोट केलं.

"तेवढं टाक. माझी पाळी राहिली."

"अप्पा, नंतर टाकू. आधी तुम्ही..."

मी नाही टाकलं. ते घमेल्याकडे बघत बघत गेले.

त्या दिवसापासून पानं बंद.

भिंतीपलीकडे चिडीचूप. मला रडू यायचं आणि बरंही वाटायचं. दोन्ही एकदम.

मग परवा. दुपारी आम्ही दोघं ओट्यावर चहा घेत होतो...

खर्र... खर्र... खर्र...

बायकोचा कप हातातच राहिला.

नीट ऐकलं. खराटे दोन होते. एक सपासप चालणारा. दुसरा थांबत थांबत. मध्येच धाप लागल्यासारखा.

तो दुसरा आवाज आम्ही ओळखत होतो.

पानं पडली. नेहमीपेक्षा जास्त. आम्ही ठण ठणची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. नुसती शांतता...

आणि मग भिंतीपलीकडून, स्पष्ट...

"घे, सांभाळ!"

मी कप खाली ठेवला. मग बायको हळूच म्हणाली, "जन्मभर त्या माणसाला शिव्या घातल्या. आणि आता त्याच्याच पार्टीत?"

काल मी ती पानं गोळा केली. पोत्यात भरून बाहेर टाकणार होतो, खरंच. पण हात भिंतीकडेच गेले. फक्त एक घमेलं. अप्पांची राहिलेली पाळी म्हणून.

ओतलं. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घे, सांभाळ."

पलीकडून कोणीतरी खोकला येईपर्यंत हसलं.

बायकोने हे सगळं खिडकीतून पाहिलं. आज सकाळी उठलो तर खराटा जागेवर नव्हता. तिने माळ्यावर टाकलाय.

आता चहाची वेळ होत आलीय. ती स्वयंपाकघरात आहे. अंगणात पानं पडून आहेत.

मोरीतला खराटा मी कुठे लपवलाय, ते तिला माहीत नाही.