दुपारी रुसणारा गारवा

सकाळी शहाण्यासारखा चालणारा एसी दुपार झाली की नेमका कसा रुसतो, हे कोडं शाल्मलीला अंजनगाव मागे पडल्यापासून छळत होतं. समोरच्या जाळीतून वारा येत होता, पण गरम. बाहेर वैशाखाचं ऊन डांबरावर पाण्यासारखं हलत होतं आणि त्या खोट्या पाण्यात सातपुड्याचे निळे डोंगर अलगद तरंगत होते. ते बघता बघता तिचे डोळे मिटू लागले.

ती आपल्या आजोबांच्या घरगाडीत बसली होती. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. पुढे चालकाची जागा, मागे शेगडी आणि झोपायच्या फळ्या. आजोबा, डॉ. प्रल्हाद बोंडे, आयुष्यभर चुंबकांवर संशोधन करून निवृत्त झाले होते. शाल्मली त्यांना आबा म्हणे. आता रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या विजेवर गुपचूप पळत असत, पण आबांची जुनी गाडी करंजीच्या तेलावर गुणगुणत चाले. तिसरा प्रवासी होता ठोकळा, भोपळ्याएवढा एक यंत्रमानव.

आणि सीटमागच्या कपाटात, काचेच्या बाटल्यांत, आमरीची रोपं होती. आमरी झाडांच्या फांद्यांवर वाढते आणि अतिशय देखणी फुलते. यातली जात मेळघाटच्या जंगलातून कधीच दिसेनाशी झाली होती. शाल्मलीच्या आईने ती अकोल्याच्या प्रयोगशाळेत बियांपासून वाढवली होती. आई पुढे चिखलदऱ्याला गेली होती आणि तिथल्या झाडांवर ती पुन्हा रुजवायला रोपांची वाट पाहत होती.

"बाटल्या तापत आहेत," ठोकळा म्हणाला. "असंच चाललं तर घाट चढेपर्यंत रोपं टिकणार नाहीत."

शाल्मली खडबडून जागी झाली. "एसी बिघडलाय ना?"

"बिघाड आढळत नाही. बटण दाबलेलं आहे. वीज शेवटच्या तारेपर्यंत पोचली आहे."

"मग गार का होत नाही रे?"

आबांनी गाडी एका चिंचेच्या सावलीत घेतली. दोघांनी बाटल्यांवर ओली फडकी घातली आणि मग आबांनी तिच्या मनगटावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले.

"फुंकर मार बरं."

"गार लागलं!"

"पाण्याची वाफ होताना ती तुझ्या हाताची ऊब घेऊन गेली. गारवा कुठून आणता येत नाही, शमू. उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकावी लागते. एसीच्या नळ्यांत एक द्रव असतो. इथे जाळीमागे त्याचा वायू होतो आणि तो गाडीतली उष्णता उचलतो. मग कॉम्प्रेसर (वायूला दाबून पुढे ढकलणारा पंप) त्याला गाडीच्या नाकाशी नेतो. तिथे बाहेरच्या हवेत तो उष्णता सोडतो, पुन्हा द्रव होतो आणि परत येतो."

शाल्मलीने डोळे मिटले. कुणीतरी मुकाट्याने ऊन पाठीवर घेऊन अंधाऱ्या नळ्यांतून जा-ये करतंय, असं तिला दिसलं. आज तो हमाल वाटेतच थांबला होता.

आबांनी गाडीचं तोंड उघडलं. इंजिन चालू ठेवून तिला मागे उभं केलं आणि लांबूनच दाखवलं. पट्ट्याने फिरणारं एक चाक गरगरत होतं, पण त्याच्या पुढ्यातली लोखंडी तबकडी ढिम्म होती.

"इंजिन हे चाक कायम फिरवतं. पंप जोडलाय तबकडीला. चाकामागे विद्युतचुंबक (वीज असेपर्यंतच चुंबक होणारं तारेचं वेटोळं) आहे. बटण दाबलं की तो तबकडीला ओढून चाकाला चिकटवतो आणि पंप फिरू लागतो. टक असा आवाज येतो."

"सकाळी आला होता! आता नाही आला."

"नळ्यांतला गॅस कमी असेल का?" आबा स्वतःशीच पुटपुटले. "पण गॅस कमी असता तर दाबाच्या स्विचने वीज मधेच अडवली असती, पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून. वीज तर पोचतेय." त्यांनी कपाळ पुसलं. "परत अकोला गाठायचं तरी तितकंच ऊन."

शाल्मलीने बाटल्यांकडे पाहिलं. काचेला घाम सुटला होता.

"आबा, सकाळी चुंबक हाच होता, वीजही हीच. बदललंय फक्त ऊन. तापल्यावर चुंबक थकतो का?"

"थकतो म्हण हवं तर. तार तापली की विजेला जास्त अडवते, मग ओढ कमी पडते. पण इतके उन्हाळे चालला की तो."

त्यांनी इंजिन बंद केलं, तेव्हा ती वाकून बघू लागली. चाक आणि तबकडी यांच्या फटीतून तिला पलीकडचा उजेड दिसला.

"ही फट आधीपासून एवढी होती? तबकडी जवळ असती तर थकलेल्या चुंबकालाही जमलं असतं ना?"

आबा हसून म्हणाले, "अगं, मी जन्मभर चुंबकच अभ्यासले, आणि हे सुचलं तुला! अंतर थोडं वाढलं तरी ओढ फार कमी होते. इतकी वर्षं घासून घासून तबकडी झिजलीय. थांब, खात्री करू."

इंजिन बंदच ठेवून त्यांनी नुसती वीज चालू केली आणि स्वयंपाकातल्या लाटण्याने तबकडी हलकेच आत ढकलली.

टक! तबकडी चिकटली आणि चिकटूनच राहिली.

"पकडलं!" शाल्मली ओरडली.

पुढचं काम सोपं होतं. वीज बंद करून, लोखंड निवेपर्यंत थांबून आबांनी तबकडी खोलली. तिच्यामागे अंतर राखायला पातळ चकत्या होत्या. त्यातली एक काढून त्यांनी सगळं परत बसवलं. फट कमी झाली. इंजिन सुरू झालं, शाल्मलीने बटण दाबलं, आणि टक! जाळीतून आलेल्या गार झुळुकीने तिच्या कपाळावरचे केस उडाले.

"बाटल्या निवत आहेत," ठोकळा म्हणाला. "पण मला बिघाड का दिसला नाही?"

"तू वीज मोजलीस," आबा म्हणाले. "वीज पोचली म्हणजे काम झालं असं नसतं, बाबा."

ऊन कलताना ते चिखलदऱ्याला पोचले. आईने एकेक बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि शाल्मलीला जवळ घेतलं. "सगळी जगलीत गं!"

मग तिने जवळचंच एक झाड दाखवलं. त्याच्या फांदीवर गेल्या वर्षी बांधलेली, याच जातीची एक आमरी होती. शाल्मलीने तिच्या पानाला गाल लावला. पान गार होतं.

"हिला एसी कोण देतं?"

"तिचं तीच. पानातल्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ होते आणि ऊब घेऊन जाते. बंद बाटलीत हवा आधीच ओली, म्हणून तिथे ते जमत नाही."

"माझ्या मनगटासारखंच!"

आबा फांदीखाली बसले. "आता गॅसशिवाय, चुंबकानेच गारवा देणाऱ्या यंत्रांवर काम चाललंय. अजून बरंच बाकी आहे. तुझ्यासाठी राखून ठेवलंय म्हण."

शाल्मली उत्तर देणार होती, पण तेवढ्यात तिला पानाच्या बगलेत काहीतरी दिसलं. मोहरीएवढी, हिरवीगार, पहिली कळी.