बिनठिपक्यांचा शब्द

वस्तुसंग्रहालयात तिला सगळे भिंगबाई म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. बावीस वर्षं ती जुन्या शस्त्रांवरचे फारसी लेख वाचत आली होती. आज मात्र टेबलापलीकडे धाकटा भाऊ बसला होता, आणि त्याचं तोंड पाहूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आई पाच आठवडे अंथरुणाला खिळून होती, आणि यानं सख्ख्या बहिणीला कळवलं ते सगळं आटोपल्यावर. आता आईच्या ट्रंकेत सापडलेला खंजीर घेऊन आला होता. तो आईच्या नावानं संग्रहालयाला द्यायचा, त्यासाठी ताईच्या सहीचा अहवाल हवा. बैल गेला आणि झोपा केला, असं ती त्याच्या तोंडावर म्हणालीसुद्धा.

मग खंजीर म्यानातून काढून कामाला लागली. पातं लाटांसारख्या रेघा असलेल्या पोलादाचं. मूठ हिरवट दगडातून कोरलेली, घोड्याची मान; काम हिंदुस्तानी कारागिराचं. अक्षराचं वळण इराणी. तीनशे वर्षं तरी जुना. पात्यावर सोन्याच्या तारेनं एकच शब्द ठोकून बसवलेला. पोलादाला पाणी लागू द्यायचं नसतं, म्हणून ओला ठसा न घेता तिनं वर कोरडा पातळ कागद धरून शिसपेन फिरवली. कागदावर शब्द उमटला. रहम.

"दया," ती कोरडेपणानं म्हणाली. "तुला कशाला हवीय ती?"

भाऊ खाली मान घालून सांगत राहिला. तुझी धावपळ नको म्हणून थांबलो, आज उतार पडेल, उद्या पडेल असं वाटत गेलं. ती ऐकत होती आणि हाताला चाळा म्हणून दुसरा ठसा घेत होती. त्यात 'र'च्या डोक्यावर ठिपका उमटला.

पहिल्या ठशात तो नव्हता. आधी संशय कागदाचा घ्यायचा, धातूचा नाही, हे या कामातलं पहिलं शहाणपण. तिनं कागद चुरगाळून टाकला, पातं पुसलं, भिंग लावलं. ठिपका सोन्याचा होता. कडा झिजलेल्या, भोवती बाकीच्या अक्षरांइतकाच जुना मळ. जुने लेखनिक ठिपके द्यायचा कंटाळा करत, वाचणारा ते अर्थावरून मनानं घालतो. पण मनानं घातलेला ठिपका बोटाला लागत नाही. हा लागत होता.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. बोल तू."

तो जरा घुटमळला. "आईच म्हणाली होती, तिला कळवू नकोस. येईल आणि चिडेल. मला शेवटी भांडणं नकोत, म्हणाली."

 गेलेल्या आईवर चिडता येत नव्हतं, म्हणून सगळा राग समोरच्यावर गेला. हे तिला समजत होतं, तरी राग आवरत नव्हता. तिनं नजर खाली वळवली.

'ह'वरही ठिपका होता.

फारसीत डोक्यावर ठिपका आला, की 'र'चा 'ज' होतो आणि 'ह'चा 'ख'.

जखम.

खोलीत स्वच्छ ऊन होतं. साडेअकरा वाजले होते.

भावाचे डोळे भरून आले होते. "चुकलं माझं, ताई. माफ कर."

"केलं माफ," ती म्हणाली, आणि घाईनं भिंगातून पाहिलं.

दोन्ही ठिपके जागच्या जागी होते.

अहवालात तिनं 'रहम' असं लिहिलं आणि खाली सही केली. बावीस वर्षांत खोटं वाचन तिनं पहिल्यांदाच दिलं. संग्रहालयाच्या समितीची बैठक होईपर्यंत वस्तू घरच्यांकडेच राहायची असते. भावानं डोळे पुसले, खंजीर रुमालात गुंडाळला आणि आईची आठवण म्हणून छातीशी घट्ट धरून निघाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

म्यान टेबलावरच राहिलं होतं.

तिला ते दिसत होतं. जिन्यावर त्याची पावलंही वाजत होती, भराभर, दोन-दोन पायऱ्या एकदम उतरणारी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तिनं उठून दार लावून घेतलं.