मास्तरांची खूण

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. माझ्या मावशीच्या बाबतीत घडली, आणि माझी मावशी तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नाही.

रात्रीची गोष्टही नाही. शनिवारची, भरदुपारची. बाहेर रस्त्यावर रहदारी चालू असायची.

जागा म्हणजे जुन्या पुस्तकांचं एक दुकान. चपलांचं दुकान आणि चाव्या बनवणारा, यांच्या मधलं. बाहेरून बोळकंडी वाटावी, आत मात्र लांबच लांब. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पुस्तकं आणि मधून अंग चोरून जाण्यापुरती वाट.

मावशी आणि काका दर शनिवारी तिथे जायचे. काका कपडे कापणारे मास्तर. आयुष्यभर टेबलाशी उभं राहून डावा गुडघा कामातून गेलेला. पण दुकानात शिरले की गुडघा विसरायचे. जुन्या पुस्तकाचं पहिलं पान उघडून "सप्रेम भेट" शोधायची आणि मावशीला दाखवायची त्यांना भारी हौस.

"बघ, एवढ्या प्रेमानं दिलं, आणि गड्यानं रद्दीच्या भावात काढलं!"

दोघांची एक खोडही होती. एक जाडजूड कादंबरी ते मिळून तिथेच उभ्यानं वाचायचे. विकत घ्यायची नाही. "घरी नेलं की पुस्तक झोपतं," काका म्हणायचे.

आधी मावशी वाचणार. जिथे थांबेल तिथे केसातला आकडा लावणार. मग काका वाचणार, आणि आकड्यापाशी आले की तेही थांबणार. त्यांची खूण म्हणजे कापडाची चिंधी, दातेरी कात्रीनं कापलेली.

काकांचा वाचायचा वेग दांडगा. पण आकड्यापुढे एक ओळही कधी गेले नाहीत.

"तुझ्यापुढे जाऊन मी एकटा काय करू?"

निघताना ते पुस्तक सगळ्यात खालच्या फळीवर, करकायद्याच्या जाड ठोकळ्यांमागे दडवून ठेवायचं. दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून. त्या ठोकळ्यांना हात लावणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं!

दुकानदाराला सगळं ठाऊक होतं. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, म्हणून सगळे त्याला दुचष्मी म्हणत. तो नुसता ओरडायचा, "मास्तर, उभं राहायचं भाडं सुरू करू का?"

एका शनिवारी मावशीनं तिचा भाग वाचला आणि आकडा लावला. काका म्हणाले, "आज राहू दे. गुडघा ठणकतोय. पुढच्या शनिवारी गाठतो तुला."

तो शनिवार आलाच नाही. काका कापडाच्या टेबलाशीच गेले. निळं चौकडीचं कापड अर्धं कापलेलं होतं आणि कात्री हातात.

मावशीनं त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. पुस्तक म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. थंडी सुरू झाली तेव्हा एका शनिवारी अंगावर शाल घेऊन ती घराबाहेर पडली, आणि पाय आपोआप तिकडे वळले.

दुचष्मीनं दोन्ही चष्मे काढून डोळे पुसले. "या वहिनी," एवढंच म्हणाला.

मावशी खालच्या फळीपाशी बसली. ठोकळे सरकवले. पुस्तक तिथेच होतं. आकडाही तिथेच.

पण चिंधी...

चिंधी मागच्या भागात राहिली होती ना? ती आता आकड्याला खेटून होती.

आणि कापड... निळं, चौकडीचं.

ते कापड काकांनी शेवटच्या दिवशी कापायला घेतलं होतं. त्यानंतर ते या दुकानात आलेच नव्हते.

"भाऊ, तुम्ही केलंत हे?"

"गळ्याची शपथ वहिनी. मी उलट ते पुस्तक काढून वर कादंबऱ्यांत लावत होतो. दोनदा लावलं. सकाळी बघतो तर... परत ठोकळ्यांच्या मागे."

मावशी भ्यायली नाही. तिनं तिथेच उभ्यानं पुढचा भाग वाचला आणि आकडा लावला.

पुढच्या शनिवारी चिंधी आकड्यापाशी आली होती.

आता कुणीही करेल तेच तिनं केलं. पुस्तक विकत घेतलं आणि घरी नेलं. उशाशी ठेवलं. रोज वाचायची, रोज आकडा पुढे सरकवायची. पण चिंधी काही जागची हलली नाही.

मग दुचष्मीचा फोन आला. आवाज दबलेला.

"वहिनी, पुस्तक परत आणा. दुपारची वेळ असते, दुकानात चिटपाखरू नसतं, आणि मागे ठोकळे सरकवल्याचा आवाज येतो. एकेक करून... मग पुन्हा पहिल्यापासून. कुणीतरी शोधतंय हो."

मावशी त्याच पावली निघाली. पुस्तक जागेवर ठेवलं आणि फळीवर हात ठेवून म्हणाली, "चुकलं माझं. इथंच आहे बघा."

त्यानंतर तिला एक नवीच भीती लागली. पुस्तक संपत आलं होतं.

संपलं तर?

तिनं वाचणं कमी केलं. आधी चार पानं, मग एकच पान. शेवटी शेवटी एक परिच्छेद वाचायची आणि आकडा लावायची. चिंधी मुकाट्यानं तेवढीच पुढे यायची. हे मला तिनंच सांगितलं, शाळेतल्या मुलीनं गृहपाठ चुकवल्याचं कबूल करावं तसं.

"मावशी, असं किती दिवस पुरवणार?" मी विचारलं.

"मला पुरतील तेवढे," ती म्हणाली.

मग एका दुपारी ती त्या वाटेत एकटी उभी होती. दुचष्मी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होता. आणि तिच्या मागे...

पाय घासल्याचा आवाज.

थोडं थांबून पुन्हा. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकावा तसा. मग बारीक, दाबलेलं "हंऽऽ".

तिनं वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

पण तो आवाज तिनं सगळ्या संसारात ऐकला होता. डावा गुडघा ठणकला की काका असेच पाय बदलायचे, तिला कळू नये असे.

मावशीला रडू कोसळलं. इतके महिने ती त्यांना सोडत नव्हती, आणि ते बिचारे ठणकत्या गुडघ्यानं तिथे ताटकळत उभे होते. तिच्या एकेका परिच्छेदासाठी!

त्या दिवशी तिनं राहिलेलं सगळं वाचून काढलं. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं फुटत होती. शेवटच्या पानाला आकडा लावला, पुस्तक जागेवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "झालं. आता बसा तुम्ही."

पुढच्या शनिवारी ती मला सोबत घेऊन गेली. एकटीला धीर नव्हता.

कादंबरी वर होती, कादंबऱ्यांच्या फळीत. आकडा होता, चिंधी नव्हती. दुचष्मीनं हातसुद्धा लावला नव्हता.

मावशी कादंबरीवरून हात फिरवत राहिली. मीच म्हणाले, "सुटले गं काका. चल घरी."

निघता निघता तिनं सवयीनं ठोकळ्यांमागे हात घातला.

हात तिथेच थांबला...

तिथे दुसरंच पुस्तक होतं. बारीकसं. चार-दोन शनिवारांत संपेल एवढं. दुचष्मी म्हणाला, हे पुस्तक त्यानं कधी पाहिलेलंच नाही.

मी उघडलं. आत चिंधी होती. कड दातेरी, कापड करड्या लोकरीचं. काकांची ती दातेरी कात्री तर ते गेल्यापासून आमच्या घरी, खणात, कुलपात आहे.

मावशी अंगावरच्या शालीकडे बघत होती. करडी, लोकरीची. तिनं तिचं टोक वर केलं. नमुन्याला काढतात तसा छोटासा तुकडा कापलेला होता. सकाळी घडी मोडली तेव्हा शाल धड होती.

पण मी मात्र चिंधी कुठे आहे ते बघत होते.

काका कधी तिच्यापुढे गेले नव्हते. एक ओळही नाही.

आणि ही चिंधी शेवटच्या पानावर होती.

मावशीनं केसातला आकडा काढला आणि पहिल्या पानाला लावला. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

हल्ली मी दर शनिवारी तिला फोन करते. इकडचं तिकडचं बोलते आणि मग विचारते, "कितव्या पानावर आहेस?"

परवा मी न राहवून म्हणाले, "मावशी, हळू वाच ना गं. थोडं थोडं."

"अगं, माणसाला किती ताटकळत ठेवायचं?" ती म्हणाली. "गुडघा दुखतो त्यांचा."